ऐकायचं कुणाचं?



रमजानच्या दिवसांत आपल्या मुस्लिम मैत्रिणी याच कार्यक्रमात रोज्याबद्दल बोलल्या होत्या. वारीच्या वेळी माळकरी मावशींनी एकादशीचं सांगितलं. आता लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे चाळीस दिवस चालू आहेत, म्हणून आम्हाला सांगितलं गेलं की या वेळी तुम्ही बोला. काय बोलावं हा विचार चालू होता आणि विषय गटाच्या बैठकीतच मिळाला. एक मावशी म्हणाल्या, "तुमचं चर्च दिसतं, नाताळचा तारा दिसतो, गाणी ऐकू येतात. पण येशूचं ऐकायचं म्हणजे रोजच्या रोज नेमकं करायचं तरी काय?" प्रश्न चांगला होता. बैठकीत हप्ते मोजायचे राहिले होते म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. ते आज पुरं करतो.

आपल्या मराठीत ‘ऐकणं’ हा शब्द मोठा मजेशीर आहे. आता तुम्ही रेडिओ ऐकताय तेही ऐकणं, आणि "पोरगं अजिबात ऐकत नाही" असं आपण म्हणतो तेही ऐकणं. त्या पोराचे कान काही बिघडलेले नसतात. सांगितलेलं कानात शिरतं, पण हातापायात उतरत नाही, एवढीच आपली तक्रार असते. बायबलचा जुना करार बहुतेक सगळा हिब्रू भाषेत लिहिलेला आहे. त्या भाषेतही असंच आहे. ‘शमा’ म्हणजे ऐकणं, आणि ‘शमा’ म्हणजेच सांगितल्यासारखं वागणं. दोन्हीला एकच शब्द.

आपल्या बायकांच्या वाट्याला मात्र या शब्दाचा एकच अर्थ आला. लहानपणी बापाचं ऐक, लग्न झाल्यावर सासूचं ऐक, नवऱ्याचं ऐक, म्हातारपणी लेकाचं ऐक. त्यामुळे चर्चमध्ये ‘आज्ञापालन’ असा जड शब्द कानावर पडला की आमच्यातल्या कित्येकींच्या कपाळाला आठी पडते. आणखी एक मालक वाढला, असं वाटतं. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. ती प्रभू येशूनंच सांगितलेली आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानात एकविसाव्या अध्यायात सापडेल.

एका माणसाचा द्राक्षाचा मळा होता. द्राक्षाचा मळा म्हणजे किती राबावं लागतं हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. छाटणीपासून घड विरळणीपर्यंत आपणच असतो तिथं. तर त्या माणसाला दोन मुलगे. एकाला तो म्हणाला, आज मळ्यात जा. मुलगा तोंडावर म्हणाला, नाही जात. पण मागून त्याला वाईट वाटलं आणि तो गेला. दुसऱ्याला सांगितलं, तर तो अदबीनं हो म्हणाला, आणि गेलाच नाही. येशूनं विचारलं, बापाचं कुणी ऐकलं? समोर बसले होते मंदिराचे मोठमोठे याजक आणि समाजातले वडीलधारे. त्यांनाही सांगावंच लागलं की पहिल्यानं. मग येशू जे म्हणाला ते त्यांना फार झोंबलं. तुमच्याआधी जकातदार आणि वेश्या देवाच्या राज्यात जातील, असं तो म्हणाला. गावानं ओवाळून टाकलेली माणसं पुढं आणि गोड बोलणारी मागं.

आम्हाला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात तोंडदेखलेपणाला जागा नाही. ‘हो हो’ म्हणणाऱ्या मुलाचं एकही गुण येशूनं वाढवला नाही. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला उद्धट म्हणून घराबाहेरही काढलं नाही. मळ्यात गेला कोण, एवढंच पाहिलं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. मळ्यात जाणं म्हणजे आपल्या रोजच्या जगण्यात काय?

पहिली गोष्ट म्हणजे माप. सकाळी डेअरीवर दूध घालायला जाताना किटलीत तांब्याभर पाणी घातलं तर बघायला कोण येतं? कांद्याच्या गोणीत तळाला गोल्टी आणि तोंडाला मोठा माल भरला तर व्यापारी फसतोच असं नाही, पण भरणाऱ्या बाईला ते माहीत असतं. बायबलमध्ये खोट्या तराजूबद्दल आणि खोट्या वजनाबद्दल इतक्या ठिकाणी लिहिलंय की वाचताना वाटतं, त्या काळीही बाजार आपल्यासारखाच असावा. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आमच्या संडे स्कूलमधलं लहान पोरही सांगेल. बुटका माणूस, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला. पोरांना झाडावर चढलेला जक्कय आठवतो, पण गटाचा हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी पुढचं ऐकावं. तो उभा राहिला आणि म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि कुणाला फसवून काही घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यानं भजन म्हटलं नाही, उपास धरला नाही. त्याचा विश्वास वहीतल्या आकड्यात दिसला. आपल्या गटातही अध्यक्ष कितीही देवभोळी असली तरी शेवटी सगळ्या बायका खातेवहीच बघतात, आणि बघायलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट सांगायला जरा वेळ लागेल, कारण ती मापापेक्षा अवघड आहे. येशूनं सांगितलं की तू देवापुढं दान घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही सल आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान वाहा. दर वर्षी लेंटमध्ये हे वाचलं जातं आणि दर वर्षी चर्चमध्ये थोडी चुळबुळ होते.

आमच्या ओळखीच्या एका गटात दोन सख्ख्या जावा होत्या. नांगरट करताना ट्रॅक्टरवाल्याकडून बांध एक तास इकडचा तिकडं झाला. एक तास म्हणजे किती, तुम्ही शेतातल्या बायका आहात, तुम्हाला माहीत आहे. पण बोलणं बंद झालं ते आठ महिने. बैठकीला दोघी यायच्या, हप्ता दोघी वेळेवर भरायच्या, फक्त एकमेकींशी बोलायचं असलं की सचिवताईंच्या तोंडून. "ताई, त्यांना सांगा पेन इकडं द्या." पेन दोन हातांवर असायचं. सुरुवातीला बाकीच्यांना हसू यायचं. मग हसू येईनासं झालं. कारण त्यातल्या थोरलीला मुलीच्या बाळंतपणासाठी गटातून कर्ज हवं होतं, आणि धाकटी ठरावावर सही करायला मागेपुढे बघत होती.

लेंटच्या एका रविवारी पाळकसाहेबांनी तोच उतारा वाचला. थोरलीच्या हातात दानाचं पाकीट होतं. ते तिनं टाकलंच नाही, तसंच घरी आणलं. दुपारी ती धाकटीच्या दारात गेली. हातात काही नेलं नव्हतं, ना भाजी ना डबा. काही नेलं असतं तर ते मिरवल्यासारखं झालं असतं, असं ती आम्हाला नंतर म्हणाली. दारातच उभी राहून बोलली, "बांध कुणाचा ते मोजणीवाले सांगतील. पण बोलणं मी बंद केलं होतं, ते मी चालू करते." धाकटी सुपात गहू पाखडत होती. तिनं पाखडणं थांबवलं नाही. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "दूध नाही घरात. कोरा चहा चालेल का?"

एवढंच झालं. गळ्यात पडून रडणं वगैरे काही नाही. बांध अजून तिथंच आहे. फरक इतका पडला की भूमी अभिलेखाकडे मोजणीचा अर्ज दोन्ही घरांनी मिळून केला आणि फी अर्धी अर्धी भरली. आणि पेन आता सरळ हातातून हातात जातं. पाकीट पुढच्या रविवारी दानपेटीत पडलं. आम्हाला विचाराल तर येशूचं ऐकणं म्हणजे ती चाळीस पावलं, थोरलीच्या ओट्यापासून धाकटीच्या दारापर्यंतची. आठ महिन्यांत कुणी कुणाला शिवी दिली नव्हती, दोघी दर रविवारी चर्चला जात होत्या, बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसत होतं. पण ती चाळीस पावलं राहिली होती.

इथपर्यंत सगळ्यांना पटेल. आता जिथं पटत नाही तिथं येतो.

पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनात, बायकांनी आपापल्या पतीच्या अधीन असावं असं लिहिलंय. लग्नात हे वाचलं जातं. आमच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नवऱ्याला बायबलमधलं दुसरं काही पाठ नसेल, पण हे एक वचन पाठ असतं. एका गटातल्या ताईंच्या घरी हे असंच झालं. दीर एका ठिकाणाहून मोठं कर्ज काढत होता आणि जामीनदार म्हणून ताईंची सही हवी होती, कारण घर ताईंच्या नावावर होतं. नवऱ्यानं कागद पुढं केला, म्हणाला, खाली सही कर. ताई म्हणाल्या, आधी वाचते. तर म्हणे, वाचायचं काय त्यात, बायबलमध्ये काय लिहिलंय, नवऱ्याचं ऐकायचं की नाही?

ताई तो कागद आणि ते वचन, दोन्ही घेऊन बैठकीला आल्या. कागद आम्ही वाचला. दिरानं हप्ते थकवले तर वसुली ताईंकडून होणार होती, घर धरून. वचनाचं काय करायचं, ते पाळकसाहेबांच्या बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, बाविसावं वचन वाचायच्या आधी एकविसावं वाच. तिथं पौलानं सगळ्यांनाच सांगितलंय की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन राहा. एकमेकांच्या, एकाच बाजूनं नाही. आणि पुढं पंचविसावं वाच. तिथं नवऱ्यांना सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी जीव दिला, तशी बायकोवर प्रीती करा. बाई हसून म्हणाल्या, जो नवरा बायकोसाठी जीव द्यायला निघालाय, तो तिचं घर गहाण टाकायला कशाला सांगेल?

ताईंनी सही केली नाही. त्याची किंमतही मोजली. पंधरा दिवस घरात चूल पेटायची तेवढीच, बोलणं नव्हतं. दीर अजून त्यांच्या उंबऱ्यात येत नाही. आम्ही असं म्हणणार नाही की सगळं गोड झालं. पण घर आहे.

कुणी म्हणेल, मग हे आज्ञापालन कसं? हे तर उलट झालं. तर बायबलमधल्या दोन सुइणींची गोष्ट ऐका. रविवारच्या प्रवचनात त्या फारशा येत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. निर्गम नावाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात त्या आहेत. शिप्रा आणि पुवा ही त्यांची नावं. मिसरच्या राजाचं, फारोचं, नाव त्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही, पण या दोन सुइणींची नावं लिहून ठेवली आहेत. इब्री लोक तिथं गुलाम होते आणि त्यांची संख्या वाढत होती. राजानं या सुइणींना बोलावून हुकूम दिला की इब्री बाईचं बाळंतपण करताना मुलगा झाला तर तिथंच मारून टाका, मुलगी झाली तर राहू द्या. सुइणी घरी गेल्या आणि त्यांनी एकही पोर मारलं नाही. राजानं जाब विचारला, तेव्हा म्हणाल्या, या इब्री बायका फार दमाच्या, आम्ही पोचायच्या आधीच मोकळ्या होतात. आपल्या दाईआजींनीही असंच उत्तर दिलं असतं. का नाही मारली पोरं? तर त्या देवाला भीत होत्या, असं तिथं लिहिलंय. देवाचं ऐकलं म्हणूनच राजाचं ऐकलं नाही. पुढं नव्या करारात पेत्रालाही अधिकाऱ्यांसमोर उभं राहून हेच सांगावं लागलं, की माणसांपेक्षा देवाचं मानलं पाहिजे.

हे मुलूख लांबचे झाले. आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात केडगाव आहे. रेल्वेनं जाणाऱ्यांना माहीत असेल. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला आणि ते रानात गंगामूळला जाऊन राहिले. रमाबाई तिथं जन्मल्या आणि आईकडून शिकल्या. पुढं दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर पायी देश फिरल्या, पुराणं सांगत. कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. भाऊ गेला, लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि दोन वर्षांच्या आत नवराही गेला. १८८२ साली त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज या गावी त्यांचा आणि लहान मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

आता इथं खरी गंमत आहे. ज्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या त्यांना वाटलं, आता ही आपली झाली, सांगू तसं ऐकेल. रमाबाई त्यांना मान द्यायच्या, माया करायच्या. पण मांस खाल्लं नाही आणि अंडं घातलेला पदार्थही खाल्ला नाही. जेराल्डिन नावाच्या सिस्टर त्यांच्या गुरू होत्या, त्यांना हा हट्ट वाटे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर रमाबाई म्हणाल्या, ही भाषा मला येत नाही आणि माझ्या लोकांनाही येत नाही, मग संस्कृत का नको? चर्चच्या शिकवणीतली एकेक गोष्ट त्यांनी प्रश्न विचारून घासून बघितली. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची संधी आली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, की बाईनं पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिची पत राहणार नाही. रमाबाई तर या देशात हजारो पुरुषांपुढं बोलून गेल्या होत्या! सिस्टरनी सांगितलं, वडिलांची आज्ञा मान. त्यावर रमाबाईंनी जी पत्रं लिहिली ती आज छापलेली आहेत. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं, ते दुसरं चढवून घेण्यासाठी नाही. देवाचं म्हणणं मला कळलं की मी ते करीन, पण कुणीही बिशप बोलला म्हणजे देव बोलला असं मी मानणार नाही.

पुण्यात परत आल्यावर उलट्या बाजूनं तेच झालं. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. मोठा वाद झाला. १८९३ साली बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, आणि सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं बाजूला झाली. त्या वादात दोन्ही बाजूंचं म्हणणं होतं, आणि ते आज इथं तोलत बसणार नाही. आम्हाला एवढंच दाखवायचं आहे की विलायतेतल्या वडीलधाऱ्यांसाठी जी बाई वाकली नाही, ती पुण्यातल्या वडीलधाऱ्यांसाठीही वाकली नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. सरकारी दवाखान्यांत आणि छावण्यांत बायकांचे हाल होत होते, त्यांच्या सदनातली एक मुलगी तिथून बेपत्ता झाली. तेव्हा त्यांनी सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रजांचं ऐकणार, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी काय म्हटलं असेल कोण जाणे.

मग ही बाई ऐकत होती तरी कुणाचं? त्याचं उत्तर १८९६-९७ च्या दुष्काळात मिळतं. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती, आणि पोरींना पळवून विकणारे दलाल फिरत होते. रमाबाईंनी लहानपणी उपासमार स्वतःच्या पोटात सोसली होती. येशूनं सांगितलंय की भुकेल्याला जेवू घातलंत ते मलाच घातलंत. त्या निघाल्या, आणि शेकडो बायका-मुलींना घेऊन आल्या. कुठल्याही जातीच्या, उवांनी आणि खरजेनं भरलेल्या, काही वेडावलेल्या. केडगावच्या उघड्या माळावर त्यांना ठेवलं, विहिरी खोदल्या, झाडं लावली. काही वर्षांत तिथं हजाराच्या वर बायका-मुली राहू लागल्या. शेती, विणकाम, दुभती जनावरं, छापखाना, सगळं त्याच चालवायच्या. एवढ्या सगळ्यांचं रोज पहाटे उठून दळण, जेवण, अंघोळी, औषधं. सगळे म्हणतात रमाबाई बंडखोर होत्या. होत्या. पण नुसतं ‘नाही’ म्हणायला दम लागतो तो एका दिवसाचा. वर्षानुवर्षं त्या पोरींचं दळण पुरवायला लागतो तो वेगळा. बिशपांना दिलेल्या नकाराइतकंच ते दळणही आज्ञापालन होतं. आमच्यातल्या ज्या तरुण मुलींना रमाबाईंचं फक्त भांडण आवडतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो.

आपल्या नगरकडचं आणखी एक नाव घेतलं पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नवऱ्याकडे परत आल्या तेव्हाही आपलं सोवळंओवळं सांभाळून राहिल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आधी स्वतःचा विचार स्वतः करून. माणसामाणसांत जाती देवानं केल्या नाहीत, हे त्यांचं त्यांना पटलं आणि त्यांनी शिवाशिव सोडली. नवऱ्यानं सांगितलं म्हणून त्याच दिवशी त्या ख्रिस्ती झाल्या असत्या, तर त्यांना कुणी आज्ञाधारक पत्नी म्हटलं असतं. पण ते येशूचं ऐकणं झालं असतं का?

रमाबाईंचं एक काम राहिलं, आणि आजच्या विषयात आम्हाला तेच सगळ्यांत मोठं वाटतं. त्या वेळी मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा खेड्यातल्या बाईला जड जायची. कुणीतरी समजावून सांगायला लागायचं. आणि समजावून सांगणारा आला की तो आपल्याला हवं ते समजावतो, हा आपलाही अनुभव आहे. रमाबाईंना संस्कृत येतच होतं. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत सगळं बायबल नव्यानं उतरवायला बसल्या. वर्षानुवर्षं ते काम चाललं. केडगावच्या छापखान्यात बायका-मुलींनीच खिळे जुळवले, त्यांनीच छापलं. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक लेक. तरी काम थांबलं नाही. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या, त्या आयुष्याच्या अगदी शेवटापर्यंत हे काम करत होत्या.

इतका खटाटोप कशासाठी? आम्हाला वाटतं, ज्याचं ऐकायचं त्याचं बोलणं मधे कुणी न येता बाईच्या कानी पडावं, म्हणून. तिला कळलं तर ती करेल. न कळता केलं तर ते तिचं करणं नाही, कुणीतरी तिच्या हातून करवून घेतलेलं असतं. त्या ताईंनी जामिनाचा कागद आधी वाचते म्हटलं, तेव्हा त्यांना रमाबाई माहीत नव्हत्या. पण त्या त्याच वाटेवर उभ्या होत्या.

आता कामाचं. येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता सगळ्या गटांची एकत्र बैठक समाजमंदिरात आहे. येताना ज्या ज्या कागदावर गेल्या वर्षभरात सही किंवा अंगठा केला असेल, तो कागद घेऊन या. गटाचं कर्ज असो, बँकेचं असो, दुसऱ्या कुणाचं असो. ज्यांना वाचता येतं त्या ज्यांना येत नाही त्यांच्या शेजारी बसतील, आणि प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचा. बारीक अक्षरातलंही. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी तो विसरू नका, मागच्या वेळी एकच चष्मा सात जणींत फिरत होता.